हवेत किती वेळ?

जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या फैजपूरहून तापी ओलांडून दक्षिणेला गेलं की वरणगाव येतं. तिथल्या आयुध निर्माणीत १९६४ पासून बंदुकीच्या गोळ्या बनतात. आमच्या भागात 'फॅक्टरीत' असलेला काका नाहीतर मामा बऱ्याच घरांत सापडतो, त्यामुळे गोळी ही वस्तू इथल्या पोरांना सिनेमापेक्षा घरातल्या पगारातून जास्त ठाऊक. म्हणून या पुस्तिकेचा पहिला प्रश्न गोळीचा आहे. जमिनीपासून दीड मीटर उंचीवर रायफल अगदी आडवी, जमिनीला समांतर धरली आणि चाप ओढला. नळीतून गोळी बाहेर पडली त्याच क्षणी शेजारच्या माणसानं तेवढ्याच उंचीवरून दुसरी गोळी हातातून नुसती सोडून दिली. मैदान सपाट आहे, आणि हवा सध्या नाहीच असं धरून चाला. जमिनीला आधी कोणती गोळी टेकेल?

वर्गात हा प्रश्न टाकला की बहुतेक हात हातातल्या गोळीच्या बाजूनं वर होतात. कारणही तयार असतं: "सर, बंदुकीच्या गोळीत जोर आहे, ती लगेच कशी पडेल?" उत्तर असं की दोन्ही एकदमच टेकतात. दीड मीटर खाली यायला ०.५५ सेकंद लागतात. हातातून सुटलेल्या गोळीला तेवढेच, आणि सेकंदाला ८४० मीटर वेगानं निघालेल्या ७.६२ मिलिमीटरच्या गोळीलाही तेवढेच. तेवढ्या वेळात एक गोळी पायाशी पडलेली असते, दुसरी साडेचारशे मीटरच्या पलीकडे पोचलेली असते.

ही सगळी पुस्तिका त्या ०.५५ सेकंदांबद्दल आहे. फेकलेल्या वस्तूची गती म्हणजे प्रक्षेप्य गती. अकरावीच्या भौतिकशास्त्रात ती 'प्रतलातील गती' या प्रकरणात येते, आणि तिच्यासोबत सूत्रं येतात: वस्तू किती उंच जाईल, किती लांब पडेल, किती वेळ हवेत राहील, वाटेचा आकार कसा असेल. चारही सूत्रं बरोबर आहेत आणि चारही परीक्षेला येतात. अडचण अशी की मुलं ती एका रांगेत उभी असलेली, सारख्या मानाची चार सूत्रं म्हणून पाठ करतात, आणि त्यातही लांबीच्या सूत्रावर सगळ्यांचा डोळा, कारण गणितं त्यावर जास्त. माझं म्हणणं आहे की या प्रकरणात पहिला प्रश्न एकच विचारायचा: वस्तू हवेत किती वेळ आहे? तो सुटला की उंची त्यातून निघते, आणि लांबी तर साध्या गुणाकारानं निघते. आणि हा वेळ ठरवायचा अधिकार फक्त उभ्या गतीकडे आहे. आडवी गती कितीही मोठी असो, तिला मिळालेल्या वेळातच काय ते अंतर कापायचं असतं.

पुस्तिका मराठीत का, याचं उत्तर आमच्याकडे कुणाला द्यावं लागत नाही. यावल-रावेरच्या खेड्यांतून मुलं दहावीपर्यंत मराठीत शिकतात आणि अकरावी विज्ञानाला आली की दोन महिन्यांत इंग्रजी, सदिश आणि त्रिकोणमिती अशी तिन्ही ओझी एकदम खांद्यावर येतात. त्या घाईत जे सुटतं ते म्हणजे डोळ्यांसमोर वस्तू उडताना पाहणं. सूत्र इंग्रजीत लिहायला काही हरकत नाही. पण दगड वर जातो तेव्हा त्याचं काय होतं, हे आधी आपल्या भाषेत भांडून घ्यावं.

आता त्या 'जोरा'कडे येतो, कारण खरी गाठ तिथंच आहे. वर फेकलेला चेंडू खाली का येतो असं विचारलं की उत्तर मिळतं, "जोर संपतो म्हणून." म्हणजे फेकणाऱ्यानं चेंडूत काहीतरी भरलं, ते वाटेत खर्च झालं, संपलं, मग चेंडू पडला. या उत्तराला हसण्याचं कारण नाही. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियातल्या फिलोपोनसनं आणि चौदाव्या शतकात पॅरिसच्या बुरिदाननं साधारण हेच मांडलं होतं, आणि त्यांच्या काळात ती मोठी प्रगती होती. त्याआधी अॅरिस्टॉटलच्या परंपरेत असं शिकवलं जाई की हातातून सुटलेल्या दगडाला भोवतालची हवाच पुढे ढकलत नेते. बुरिदाननं निदान ढकलणारं काहीतरी दगडात आणून बसवलं. १५३७ मध्ये इटलीत तार्ताल्या नावाच्या गणितज्ञानं तोफांवर पुस्तक लिहिलं. त्यात तोफगोळ्याची वाट तीन तुकड्यांत दाखवली आहे: आधी सरळ रेषा, मग वर्तुळाचा एक तुकडा, मग सरळ खाली पडणं. त्याच पुस्तकात ४५ अंशांत गोळा सर्वांत लांब जातो हेही त्यानं सांगितलं. वाट चुकलेली आणि कोन बरोबर!

हा जुना माल नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत मायकेल मॅक्लॉस्की या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना विचारलं: चालता चालता हातातला चेंडू सोडला तर तो कुठे पडेल? अनेकांनी सांगितलं, सोडला तिथंच सरळ खाली. काहींनी तर तो मागे पडेल असंही सांगितलं. प्रत्यक्षात तो चालणाऱ्याच्या बरोबर पुढे जात जात त्याच्या पायाजवळ पडतो. यातल्या काही मुलांचं भौतिकशास्त्र शिकून झालेलं होतं. तेव्हा फैजपूरच्या वर्गात हात चुकीच्या बाजूला वर झाले तर त्यात मुलांचा कमीपणा नाही, आणि शिक्षकाचाही नाही. डोक्यात आधीपासून एक भौतिकशास्त्र असतं, ते रोजच्या कामाला पुरतं, आणि ते हटायला सूत्र पुरत नाही.

मग काय पुरतं? माझ्या मते टेबल पुरतं. १६०८ च्या सुमारास गॅलिलिओनं केलेल्या एका प्रयोगाचा कागद फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. स्टिलमन ड्रेक या अभ्यासकानं १९७० च्या दशकात तो उजेडात आणला. कागदावर फारसे शब्द नाहीत, काही रेषा आणि आकडे आहेत. उतरत्या पट्टीवरून एक गोळी घरंगळत सोडायची, खाली ती टेबलाच्या कडेवरून आडवी निघेल अशी व्यवस्था करायची, आणि जमिनीवर ती कुठे पडली ते मोजायचं. मग पट्टीवर आणखी उंचावरून सोडायची, म्हणजे ती कडेवरून जास्त वेगानं निघेल, आणि पुन्हा मोजायचं.

यातली युक्ती सहज निसटून जाते, म्हणून सावकाश सांगतो. गॅलिलिओकडे सेकंदाचा दहावा भाग मोजणारं घड्याळ नव्हतं. टेबलावरून गोळी पडायला अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ लागणार, तो कशानं मोजायचा? त्यानं तो मोजलाच नाही. टेबलाची उंची दर खेपेला तीच ठेवली. उंची तीच, म्हणजे पडायला लागणारा वेळ तोच, मग तो कितीही असो. आता गोळी दुप्पट लांब पडली तर तिचा आडवा वेग दुप्पट होता, एवढं निश्चित सांगता येतं. टेबल हेच त्याचं घड्याळ झालं. आणि आकडे जुळले याचा अर्थ असा की आडवा वेग वाढवल्यानं पडण्याचा वेळ बदलत नाही, हे गृहीतकही टिकलं. १६३८ मध्ये त्यानं ही सगळी मांडणी 'दोन नवीन शास्त्रे' या पुस्तकात छापली: आडव्या दिशेत एकसारखा वेग, उभ्या दिशेत दर क्षणी वाढत जाणारा वेग, आणि दोन्ही मिळून वाट होते ती परवलय. तेव्हा तो इन्क्विझिशन या चर्चच्या न्यायालयाच्या शिक्षेखाली नजरकैदेत होता आणि पुस्तक हॉलंडमध्ये छापावं लागलं.

हा प्रयोग फैजपुरात कुठल्याही स्वयंपाकघरात होतो. त्याची सर्वांत सोपी आवृत्ती अशी: टेबलाच्या कडेवर पाच रुपयांची दोन नाणी ठेवा, एक नुसतं ढकलून खाली पाडा, दुसरं त्याच क्षणी टिचकी मारून लांब उडवा. डोळे मिटून ऐका. फरशीवर आवाज एकच येतो. पाऊण मीटर उंच टेबलाला तो ०.३९ सेकंदांनी येतो, टिचकी हळू मारा की जोरात. बघण्यापेक्षा ऐकणं इथं जास्त खात्रीचं, कारण डोळा लांब जाणाऱ्या नाण्यामागे धावतो आणि मन त्याला जास्त वेळ देऊन टाकतं.

प्रकरणातली दुसरी अवघड जागा म्हणजे वाटेचा सर्वांत वरचा बिंदू. सरळ वर फेकलेल्या वस्तूचा वेग तिथं शून्य असतो, हे सगळ्यांना पटतं. मग त्वरण किती, असं विचारलं की निम्मा वर्ग शून्य म्हणतो. इथं मी मुलांना बांधकामावर पाठवतो. खाली उभा असलेला मजूर विटा वर फेकतो आणि परांचीवरचा माणूस त्या एकामागून एक झेलतो. नीट पाहिलं तर वीट त्याच्या हातात येते तेव्हा ती जवळजवळ थांबलेली असते. झेलणाऱ्याला धक्का बसत नाही, तो तिला हवेतून नुसती उचलून घेतो. साडेतीन मीटर वर पोचून तिथं थांबण्यासाठी वीट सेकंदाला सुमारे ८.३ मीटर वेगानं सोडावी लागते आणि वर जायला तिला ०.८५ सेकंद लागतात. फेकणारा हे गणित करत नाही, पण त्याचा हात ते रोज हजार वेळा बरोबर करतो. आणि झेलणाऱ्यानं हात आखडता घेतला, तर ती थांबलेली वीट खाली उभ्या माणसाच्या डोक्यावर येईल. वेग शून्य झाला म्हणून पृथ्वीनं ओढणं सोडलेलं नसतं. वर जाताना, वरच्या टोकाला आणि खाली येताना त्वरण एकच, सेकंदाला सेकंदाला ९.८ मीटर, आणि खालच्याच दिशेनं. हे एकदा विटेवरून कळलं की ते कायमचं कळतं.

याच जागी आमच्या जिल्ह्यातल्या एका जुन्या नावाची आठवण काढतो. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या परिसरात इ.स. १२०७ चा एक शिलालेख मिळाला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता, आणि आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास चालू राहावा म्हणून त्यानं मठ उभारल्याची नोंद त्यात आहे. त्या ग्रंथांपैकी 'सिद्धान्तशिरोमणी' ११५० मधला. पृथ्वी आपल्या शक्तीनं आकाशातली जड वस्तू स्वतःकडे ओढते, असं त्यात म्हटलं आहे, आणि ग्रहाची 'तात्कालिक गती', म्हणजे एखाद्या क्षणाची गती, काढण्याची रीतही आहे. भाषणांतून यावरून भास्कराचार्यांना न्यूटनच्या आधीचा न्यूटन ठरवलं जातं. मला ते पटत नाही, आणि त्यात त्यांचा गौरव होतो असंही वाटत नाही. पडणाऱ्या वस्तूचा वेग कोणत्या हिशेबानं वाढतो याचा नियम त्यांनी दिलेला नाही. पण एका क्षणाचा वेग ही कल्पना, जी विटेच्या टोकाशी आमच्या मुलांना अडखळवते, तिच्यावर आठशे वर्षांपूर्वी खानदेशात बसून कुणीतरी विद्यार्थी डोकं खाजवत होता, एवढं म्हणायला शिलालेखाचा आधार पुरतो. ग्रहाची क्षणिक गती काढणाऱ्यांपैकी कुणी ती दगडाला लावून पाहिली असती तर काय झालं असतं, हा प्रश्न मात्र मला नेहमी पडतो.

आता वेळाकडून उंचीकडे. चेंडू उंच मारला, तो झेलायला क्षेत्ररक्षक खाली आला, आणि तुम्ही मोबाइलवर वेळ मोजली: बॅटपासून हातापर्यंत चार सेकंद. चेंडू किती उंच गेला? बहुतेकांना वाटतं, आधी वेग पाहिजे, कोन पाहिजे. काहीच नको. वर जायला निम्मा वेळ, यायला निम्मा. दोन सेकंद पडलेली वस्तू १९.६ मीटर पडते, म्हणून चेंडू तेवढाच उंच गेला होता. तो सरळ डोक्यावर गेला की सीमारेषेकडे, याच्याशी उत्तराचा संबंध नाही. (झेल मारल्याच उंचीवर घेतला असं इथं धरलं आहे, आणि हवा अजूनही बाहेरच उभी आहे.) ज्यांच्या आजोबांनी सवायकीचे पाढे म्हटले होते त्यांच्यासाठी सोपी रीत: हवेतल्या वेळाचा वर्ग करा आणि सव्वानं गुणा, उंची मीटरमध्ये मिळते. अचूक आकडा १.२२५, पण मैदानावर सव्वा चालतो. नुसत्या पडणाऱ्या वस्तूसाठी वेळाचा वर्ग पाचानं गुणायचा.

व्हॉलीबॉलच्या मैदानात एखादा स्मॅश मारणारा खेळाडू 'हवेत थांबतो' असं म्हणतात. तो थांबत नाही. साठ सेंटिमीटर उंच उडी म्हणजे एकूण ०.७ सेकंद हवेत, मग खेळाडू कुणीही असो. पण त्या वेळाची वाटणी सारखी नसते. उडीच्या सर्वांत वरच्या पाव भागात, म्हणजे शेवटच्या पंधरा सेंटिमीटरमध्ये, निम्मा वेळ जातो. वरच्या टोकाजवळ वेग इतका कमी असतो की माणूस तिथं रेंगाळतो. खालचे पंचेचाळीस सेंटिमीटर जाऊन-येऊन उरलेल्या निम्म्या वेळात उरकतात. डोळ्याला जे 'थांबणं' दिसतं ते हेच. हे विधान मुलांना सिद्ध करायला द्यावं. दोन ओळींचं काम आहे, आणि वर्गमुळाचा अर्थ पहिल्यांदाच त्यांच्या अंगाला लागतो.

लांबीकडे येताना गोफण घेतो. दादर ज्वारीच्या शेतात दाणे भरले की पाखरांचे थवे उतरतात, आणि माळ्यावर उभा असलेला राखणदार गोफणगुंडा भिरकावतो. गोफणीचं एक टोक सुटलं की गुंडा त्या क्षणाच्या दिशेनं सरळ निघतो. गोल फिरत होता म्हणून गोल जात नाही. समजा तो सेकंदाला ३० मीटर वेगानं निघाला. तीस अंशांत निघाला तर सुमारे ८० मीटरवर पडेल. साठ अंशांत निघाला तरी तिथंच पडेल. दोन कोनांची बेरीज ९० झाली की लांबी एकच, हे गॅलिलिओनंही नोंदवलं होतं, आणि पाठ्यपुस्तकातही ते असतं. पण पुस्तक तिथं थांबतं, आणि मजा त्याच्या पुढे आहे. तीस अंशांतला गुंडा तीन सेकंदांत पोचतो, साठ अंशांतला पाच सेकंदांहून जास्त वेळ घेतो. लांबीच्या सूत्राला या दोन फेकी एकच दिसतात. पाखरांना त्या एक दिसत नाहीत. राखणदार खालचा कोन घेतो, सीमारेषेवरून यष्टिरक्षकाकडे चेंडू फेकणारा खेळाडूही खालचाच घेतो, कारण दोघांनाही वेळ वाचवायचा आहे. टेकडीआड लपलेल्या शत्रूवर मारा करणारी उखळी तोफ मात्र मुद्दाम वरचा कोन घेते. तिला वेळ गेला तरी चालतो, गोळा वरून पडायला हवा. ठिकाण गाठण्याच्या दोन वाटा असतात तेव्हा निवड वेळावरूनच होते.

इथपर्यंत हवा दाराबाहेर ठेवली होती. पुस्तिकेच्या शेवटच्या भागात तिला आत घेतलं आहे, कारण तिला बाहेर ठेवूनच परीक्षा दिलेला विद्यार्थी पुढे अभियांत्रिकीला जातो आणि तिथं त्याची पंचाईत होते. वरणगावच्या गोळीवरच पाहा. सेकंदाला ८४० मीटर वेग, ४५ अंशांचा कोन, आणि हवा नाही: सूत्र सांगतं की गोळी दोन मिनिटं आकाशात राहील आणि ७२ किलोमीटरवर पडेल. वरणगावहून सुटली तर बुऱ्हाणपूर ओलांडून जाईल. खरी गोळी चारेक किलोमीटरच्या पुढे जात नाही. सूत्र पाच-दहा टक्क्यांनी चुकलेलं नाही, अठरा पटींनी चुकलं आहे. क्रिकेटच्या चेंडूला चूक कमी होते, गोफणगुंड्याला आणखी कमी, विटेला जवळजवळ नाहीच. वेग जितका जास्त आणि वस्तू जितकी हलकी, तितकी हवा जास्त वसूल करते. जड तोफगोळ्याचं जरा बरं असतं. पुण्याच्या पाषाणमधल्या शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेनं घडवलेल्या १५५ मिलिमीटरच्या तोफेनं २०१७ मध्ये पोखरणला सुमारे ४८ किलोमीटरची मजल मारली, पण त्यासाठी गोळ्याच्या बुडाशी वायू सोडून मागची ओढ कमी करावी लागली.

हवेनं आणखी एक गोष्ट बिघडते, आणि ती सांगितल्याशिवाय पहिल्या प्रश्नाचं उत्तर प्रामाणिक होत नाही. वेगवान वस्तूवरचा हवेचा विरोध साधारण वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, आणि वेग म्हणजे एकूण वेग. त्यामुळे आडव्या धावण्याचा परिणाम उभ्या पडण्यावरही होतो. बंदुकीची गोळी खऱ्या हवेत हातातल्या गोळीपेक्षा किंचित उशिरा टेकेल. उभ्या आणि आडव्या गतीची जी फारकत आपण एवढ्या कौतुकानं शिकलो ती हवेत पूर्ण टिकत नाही. मग गणित कागदावर सुटतही नाही, ते क्षणाक्षणानं पुढे सरकवत न्यावं लागतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत तोफांची कोष्टकं अशीच करत. एका गोळ्याची वाट हातानं काढायला वीसेक तास लागत, आणि हे काम करणाऱ्या बहुतेक तरुण स्त्रिया होत्या. त्यासाठीच फिलाडेल्फियात एनिअॅक हा इलेक्ट्रॉनिक संगणक बांधला गेला आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये, युद्ध संपल्यावर, जगापुढे आला. तो गोळ्याची वाट अर्ध्या मिनिटात काढी, म्हणजे खरा गोळा जमिनीवर पडायच्या आधी. आज हेच काम दहा ओळींच्या प्रोग्रॅमनं मोबाइलवर होतं, आणि पुस्तिकेत ते करून दाखवलं आहे.

तोफा आणि गोळ्यांनी कंटाळलेल्यांसाठी तुषार सिंचन आहे. जळगाव जिल्ह्यात ठिबकचं आणि तुषारचं नाव माहीत नसलेला शेतकरी शोधून सापडणार नाही. मोठ्या रेनगनची धार पाहा: प्रक्षेप्याची अख्खी वाट एकाच वेळी डोळ्यांसमोर उभी असते, प्रत्येक थेंब वाटेवरच्या वेगळ्या क्षणी. तिची नळी ४५ अंशांवर बसवलेली नसते. साधारण २४ ते २७ अंशांवर असते. हवेत धार फुटते, थेंब बारीक होतात, उंच गेले की वारा त्यांना दुसऱ्याच्या शेतात नेतो. म्हणून कारखान्यानं थेंबांचा हवेतला वेळच कमी केला. आणि तो वेळ मोजायचा असेल तर पंप बंद करा. नळीच्या तोंडाशी धार तुटल्यापासून लांबचा शेवटचा थेंब पडेपर्यंत जितके सेकंद, तितका वेळ तो हवेत होता. आमच्या विद्यार्थ्यांना हा प्रयोग सगळ्यांत आवडतो, भिजायला मिळतं हे त्याचं मुख्य कारण.

प्रयोगांना लागणारं सामान: दोन नाणी, मोजपट्टी, एक पन्हळ नाहीतर चिरलेला पाइप, लोखंडी गोळी, कार्बन पेपर, आणि हळू चित्रण करणारा मोबाइल. मोबाइल हवाच, कारण बोटानं घड्याळ दाबायला माणसाला सुमारे ०.२ सेकंद लागतात. टेबलावरून पडणाऱ्या नाण्याच्या बाबतीत ती चूक एकूण वेळाच्या निम्मी होते. विहिरीत दगड टाकून खोली काढायचा प्रयोगही दिला आहे. दोन सेकंदांनी आवाज आला तर पाणी सुमारे वीस मीटरवर. पण ०.२ सेकंदांची चूक झाली तर उत्तर चार मीटरनं हुकतं, आणि ध्वनीला वर यायला लागलेला वेळ वेगळाच. उत्तर काढून झालं की घरातल्या वडीलधाऱ्यांना विहीर किती परस खोल आहे ते विचारा आणि दोन्ही आकडे शेजारी लिहा. विहिरीला कठडा नसेल तर हा प्रयोग करू नका.

गुरुत्वत्वरणासाठी सगळीकडे ९.८ घेतलं आहे. आपल्या अक्षांशावर ते ९.७९ च्या जवळ भरतं, ध्रुवावर ९.८३ असतं, या पुस्तिकेतल्या साधनांनी हा फरक सापडणार नाही. सूत्रं शब्दांत दिली आहेत, चिन्हांत ती पाठ्यपुस्तकात आहेतच. आणि हे सगळं फैजपुरातून का? धनाजी नाना महाविद्यालय इथं १९६१ पासून आहे, त्याआधी १९३६ चं काँग्रेस अधिवेशन याच गावात झालं, खेड्यात भरलेलं पहिलं. तेव्हा मोठ्या गोष्टी लहान गावात करून पाहायची इथं सवय आहे, असं मी समजतो.

उत्तरं मागे छापलेली नाहीत. प्रत्येक गणितात आधी हवेतला वेळ काढा, तो वहीच्या समासात लिहा, आणि मगच पुढे जा. पंधराव्या उदाहरणात टेबलाची उंची मुद्दाम दिलेली नाही. ती न मोजता दोन गोळ्यांच्या वेगांचं गुणोत्तर काढायचं आहे.